तंबोऱ्याचं गाव

स्मरणिका समितीनं माझ्याकडं लेख मागितला तो 'माझी संगणक क्षेत्रातील वाटचाल' या विषयावर. दोन वेळा लिहायला बसले. पण आपल्या बॅचमध्ये संगणकवाले कमी नाहीत, आणि आमच्या सगळ्यांची वाटचाल साधारण एकसारखीच आहे. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पुणे किंवा बंगळूर, दोन-चार वर्षं परदेश, मग कर्ज काढून घेतलेला फ्लॅट. त्यात वाचण्यासारखं काही नाही. म्हणून समितीची क्षमा मागून मी आपल्या गावाच्या इतिहासावर लिहिते आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. दहावीला त्या विषयात मला किती गुण होते ते आपल्या बाईंना आठवत नसेल, तर बरंच आहे.

निमित्त झालं माझ्या तंबोऱ्याचं.

१९९१ साली, आपण सहावीत असताना, बाबांनी मला सतारमेकर गल्लीतून एक तंबोरा घेऊन दिला. रेल्वेतल्या पगारात ती चैनच होती, पण आजीचा हट्ट होता. मी गांधर्वच्या परीक्षा देत होते. प्रारंभिक, प्रवेशिका करत मध्यमा प्रथमपर्यंत गेले आणि दहावीच्या वर्षी 'आता अभ्यास' म्हणून थांबले ती थांबलेच. तंबोरा मात्र प्रत्येक बदलीत, प्रत्येक भाड्याच्या घरात माझ्याबरोबर फिरला. गेली बारा वर्षं तो पुण्यात कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. मागच्या उन्हाळ्यात कपाट रंगवायला काढलं, तेव्हा पाहिलं तर दोन तारा तुटलेल्या आणि भोपळ्याला वीतभर लांब चीर गेलेली. घरातलं कोणी म्हणालं, मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं की फुकट. ते खरंच आहे, माझ्याही फोनवर आहे. तरी पुढच्या शनिवारी गाडीत मागची सीट पाडून तंबोरा आडवा ठेवला आणि मिरजेला आले.

सतारमेकर गल्ली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, म्हणजे तिच्यातून सायकली हाणल्या आहेत. ओट्यावर वाळत घातलेले भोपळे, रंधल्याचा आवाज, चपडा आणि स्पिरिटचा वास. मला तेव्हा वाटायचं की प्रत्येक गावात अशी एक गल्ली असतेच, जशी सराफकट्टा किंवा कासारगल्ली असते. बाहेर पडल्यावर कळलं की नसते. पुढं बंगळूरच्या ऑफिसात एका बंगाली सहकाऱ्यानं मी मिरजेची आहे हे ऐकून खुर्चीतून उठून हात मिळवला होता. त्याच्या आईचा तानपुरा मिरजेचा होता. मला त्याला गल्लीबद्दल चार वाक्यंसुद्धा सांगता आली नव्हती. तेव्हाची ती लाज या लेखामागं आहे, असंही म्हणता येईल.

तर ती चार वाक्यं आता थोडी सविस्तर लिहिते.

गल्लीतली मूळ घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारींना धार आणि पाणी देणारे कारागीर. पटवर्धनांचं लष्करी ठाणं असलेल्या मिरजेत त्यांना काम भरपूर होतं. इंग्रजी अंमल बसला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि हत्यारांचं काम आटलं. साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली, असं गल्लीत सांगतात. संस्थानात गवयांना आश्रय होता, पण वाद्यं यायची उत्तरेतून. बिघडली की परत तिकडं धाडायची. धातूचं, लाकडाचं काम जाणणारे हात रिकामे होते आणि गवयांची वाद्यं अडून होती. यात मला काही जादू दिसत नाही. आमच्या क्षेत्रातसुद्धा जुनं तंत्रज्ञान बंद पडलं की माणसं जवळचं दुसरं शिकतात. फरक इतकाच की आम्ही पाच वर्षांत पुन्हा तेही सोडतो, आणि यांनी पावणेदोनशे वर्षं सोडलं नाही.

भोपळा जवळच मिळाला, हेही महत्त्वाचं. वाद्याचा भोपळा कडू असतो, खायचा नव्हे. तो पंढरपूर, मंगळवेढ्याकडं भीमेच्या काठच्या रानात पिकतो. वेल उन्हाळ्यात सुकेपर्यंत फळ तसंच ठेवायचं, मग महिनोन्महिने वाळवायचं. कारागीर तो भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतो, कापतो, आतला गर काढतो, आत काटक्यांचे टेकू देऊन हवा तो घाट देतो आणि पुन्हा वाळवतो. दांडी तुणीच्या लाकडाची. पॉलिशचं काम पावसाळ्यात जपून, कारण दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. म्हणजे एका तंबोऱ्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही जातात.

आता रेल्वे. इथं मी बाबांची मुलगी म्हणून जरा जास्त बोलणार आहे. तुम्हाला आठवत असेल, आपण लहान असताना मिरज जंक्शनवर तीन प्रकारचे रूळ होते. पुण्याकडं ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज आणि पंढरपूरकडं ती छोटी नॅरोगेज, जिला आपण बार्शी लाईट म्हणायचो आणि जिच्याबरोबर पैज लावून काही मुलं पळायची. (कोण ते लिहीत नाही. त्यातले एक आता शाळा समितीवर आहेत.) पण पुणे ते बेळगाव-धारवाड ही लाईन मिरजेतून गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि १८९१ साली कोल्हापूरचा फाटाही इथूनच निघाला. नकाशावर पाहा. वर पुणे-मुंबई, खाली धारवाड-हुबळी, आणि त्याही खाली म्हैसूरचा दरबार. या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गवयाला मिरज लागायचीच.

दुसरं म्हणजे दवाखाने. मिरजेला बाहेरगावचे लोक आजही दोनच कारणांनी ओळखतात, डॉक्टर आणि सतारी. ही दोन निरनिराळी कारणं आहेत असं मी चाळीस वर्षं समजत होते. तसं नाही.

विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ चा, आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळे भाजले, दृष्टी जवळजवळ गेली. मुलाला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडं आणलं. डोळे पूर्ण सुधारले नाहीत. शाळेचं शिक्षण बंदच झालं. आता पोराला गाणं शिकवा, असा सल्ला मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी मुलाची सोय केली. १८९६ साली विष्णू दिगंबर मिरज सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारात किंवा गुरुगृही राहूनच शिकता येणारं गाणं फी भरून, वर्गात बसून, परीक्षा देऊन शिकता येऊ लागलं. पुढं त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नावापुढं मिरज लागलं. माझ्या प्रवेशिकेच्या प्रमाणपत्रावर 'मिरज' छापलेलं पाहून मला वाटलं होतं की आपण मिरजेत राहतो म्हणून तसं लिहिलंय! देशभरातल्या हजारो मुलामुलींच्या भिंतींवर आपल्या गावाचं नाव टांगलेलं होतं, हे मला आत्ता आत्ता कळलं.

दुसरी गोष्ट कानाची. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांना लहानपणी ऐकू कमी येत असे आणि शाहू महाराजांनी उपचारासाठी त्यांना मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं, असं सांगतात. हे हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं. पुढं १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून ते पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले, तेही मिरजेतच, हंसप्रभा थिएटरात. त्याच जागी आज बालगंधर्व नाट्यगृह आहे. आपलं एक स्नेहसंमेलन तिथं झालं होतं आणि आपल्या वर्गानं समूहगीतात ताल चुकवला होता. आपण कुठं उभं राहून ताल चुकवतोय, हे कोणी सांगितलं असतं तर कदाचित अजून चुकला असता.

आणि मग खाँसाहेब. अब्दुल करीम खाँ यांचं मूळ गाव उत्तर प्रदेशातलं किराना. बडोद्याचा दरबार, मग पुणे, मुंबई, धारवाड, म्हैसूर असा त्यांचा प्रवास. मिरजेला ते कसे रुजले याची आख्यायिका आपल्या सगळ्यांना घरात ऐकवलेली आहे. प्लेगनं आजारी असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, ती. ती खरी-खोटी करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. खरं एवढं की हे गाव त्यांनी घर म्हणून निवडलं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये इथंच जन्मल्या. खाँसाहेबांबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता येत असत आणि हत्यारांची पेटी ते जवळ बाळगत. म्हणजे गल्लीत ते नुसतं गिऱ्हाईक म्हणून जात नसणार. गाणाऱ्याचा कान आणि करणाऱ्याचा हात एकमेकांशेजारी बसून काम करत होते, हे मिरजेचं तंबोऱ्याचं नाव होण्याचं खरं कारण असावं, असं माझं मत आहे.

अजून एक प्रकरण इंजिनिअर म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. गायक जे बावीस श्रुतींबद्दल बोलतात त्या मोजता येतील का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी तारेच्या उपकरणावर स्वर मोजून, कंपनसंख्या काढून १९१० साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. या कामात त्यांना गाऊन स्वर देणारे होते अब्दुल करीम खाँ. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी पुढं श्रुतींची पेटीही करवली. जाणकारांना ती सगळी मांडणी पटली नाही आणि वाद झाले, तो विषय मोठा आहे. पण एक निवृत्त सरकारी अधिकारी आणि एक गवई, मध्ये ताणलेली तार, हा प्रयोग आपल्या पंचक्रोशीत झाला. आम्हाला कॉलेजात ध्वनितरंगांचं प्रकरण शिकवताना हे एका वाक्यात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले असताना सिंगपेरुमलकोईल या छोट्या स्टेशनवर गेले. तब्येत बिघडली म्हणून गाडीतून उतरले, फलाटावर बसून शेवटचं गायले आणि तिथंच संपले, असं सांगतात. त्यांना मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून उरसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, चिंचेच्या झाडाखाली.

या चिंचेखाली मी आजीबरोबर बसलेली आहे. उरसाची तारीख चंद्रावर चालते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. आपल्या शाळेच्या वर्षांत तो ऐन थंडीत यायचा. पहिला गलेफ चर्मकार समाजाचा, हा मान पूर्वापार आहे. मग पाळणे, खेळणी, खाण्याच्या गाड्या, आणि आत आवारात रात्रभर गाणं. तिकीट नाही, सतरंजीवर जागा मिळेल तिथं बसायचं. आजी सोवळं पाळणारी, एरवी हॉटेलातला चहा न पिणारी बाई. पण उरसाला शाल गुंडाळून, मला कानटोपी घालून निघायची. मी तिच्या मांडीवर झोपायचे आणि पहाटे उठवून ती म्हणायची, "ऊठ, आता खरं सुरू होतंय."

वर्ष कसं सरायचं ते आठवून पाहा. गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वाटेवर स्वागतकमानी, आणि मिरवणूक संपेपर्यंत दुसऱ्या दिवसाचं ऊन चढलेलं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाण्याच्या सभा. दिवाळी झाली की सांगलीला रंगभूमी दिन. ५ नोव्हेंबर, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण. मग हुरडा, द्राक्षं, तासगावचे बेदाणे, उरस, शिमगा, आणि परीक्षा संपल्या की कृष्णाघाटावर पोहायला. यातलं कशालाही आपण कला म्हणत नव्हतो. गाणं हे त्या ऋतूतलं फळ असल्यासारखं यायचं. मला वाटतं, पुण्यात मी हजार रुपयांचं तिकीट काढून मैफलीला बसते तेव्हा जे हुकतं ते हेच. तिथं गाणं उत्तम असतं, पण बाहेर पाळणा फिरत नसतो.

आता पुन्हा तंबोऱ्याकडं येते, कारण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

गल्लीत शिरून एका दुकानापाशी गाडी उभी केली. आत एक चष्मा लावलेले, दाढी पिकलेले गृहस्थ घोडीवर बारीक कानस फिरवत होते. मी म्हटलं, "काका, जरा बघता का हो?" त्यांनी चादर सोडली, भोपळा उलटा करून पाहिला, दांडीवरून अंगठा फिरवला.

"हा आमच्या अब्बांच्या हातचा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तू रेल्वे क्वार्टरमधली ना? नववी ब?"

तो आपल्या वर्गातला होता. मी त्याला काका म्हटलं होतं.

त्याच्या परवानगीशिवाय नाव लिहीत नाही, पण नववी ब मधल्यांना आठवेल. खिडकीकडच्या रांगेत, शेवटून दुसरा बाक. त्याची नखं कायम तपकिरी असायची. स्वच्छतेच्या तासाला त्याला दर आठवड्याला उभं केलं जायचं आणि आपण हसायचो. मी एकदा, सगळ्यांच्या समोर, नाक धरून त्याला विचारलं होतं की तुझ्या अंगाला हा कसला वास येतो. तो काही बोलला नव्हता. तो वास माझ्या स्वतःच्या तंबोऱ्याला होता, त्याच्याच घरातून आलेल्या. हे मला तेव्हा जोडता आलं नाही, की जोडायचं नव्हतं, कोण जाणे. नववीनंतर वडिलांच्या डोळ्यांमुळं त्यानं शाळा सोडली आणि ठिय्यावर बसला. आपल्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी त्या दिवशी त्याला ते आठवण करून दिलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मला नाही आठवत." मग थोड्या वेळानं, "आठवतंय की. पण आता काय त्याचं. बस, चहा सांगतो."

दोन तास बसले. त्यानं चीर आतून कापडाची पट्टी आणि सरस लावून कशी भरणार ते दाखवलं. मग दुसऱ्या तंबोऱ्यावर जवारी काढून दाखवली. घोडीचा माथा सपाट दिसतो पण नसतो, अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते, म्हणून एका तारेतून स्वरांची पूर्ण रांग उठते. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि एका ठिकाणी आवाज असा उघडतो की खोली भरून जाते. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी यावर शोधनिबंध लिहिला आहे. ज्या बिंदूवर तार छेडली असता पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे काही स्वर उमटायलाच नकोत, ते तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात, असं त्यांनी दाखवलं. मी उत्साहानं हे सगळं त्याला सांगितलं. फोनवर आलेखही काढून दाखवला. त्यानं तो नीट पाहिला आणि आलेखातल्या एका उंच रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हा गंधार का?" खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार. तोच होता. मला तो आकडा वाचून, पट मोजून काढावा लागला असता. त्यानं कानानं ऐकलं होतं आणि रेघ कुठली ते ताडलं होतं.

धंद्याचं विचारलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्याला आनंद आहे. नावाची नक्कल थांबेल म्हणाला. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यापासून शिकणारी मुलं पहिला तंबोरा घेत नाहीत, हेही म्हणाला. त्याची एक मुलगी फार्मसीला आहे. मुलगा अजून ठरवतोय. "मी सांगत नाही बस म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी त्याला विचारतोय."

निघताना मी स्नेहमेळाव्याचं बोलले. त्याला माहीत नव्हतं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नाही, कारण ग्रुप दहावीच्या निकालाच्या यादीवरून केला आहे, आणि त्या यादीत तो कसा असणार? "मी कुठं दहावी केली तुमच्याबरोबर," म्हणाला. मी म्हटलं, नऊ वर्षं एका इमारतीत बसलो ना. त्यावर तो नुसता हसला.

पुण्याला परतल्यावर मी जुने हजेरीपट आठवून, तीन मैत्रिणींना फोन करून एक यादी केली. नववीपर्यंत, आठवीपर्यंत, काही सातवीपर्यंतच आपल्याबरोबर असलेली चौदा नावं निघाली. एक विणकामाला इचलकरंजीला गेलेली, दोघं गॅरेजमध्ये, एकीचं लग्न झालेलं, एक बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारा. तुमच्याकडं आणखी नावं असतील तर मला कळवा. समितीनं सगळ्यांना निमंत्रण पाठवायचं मान्य केलं आहे, आणि नोंदणी फॉर्ममधला 'दहावी उत्तीर्ण वर्ष' हा रकाना मी स्वतः काढून टाकला आहे. फॉर्म मीच बनवला होता, त्यामुळं तो रकाना घातलाही मीच होता.

तंबोरा तयार झाला आहे. मी आणायला निघाले होते, तर त्याचा फोन आला की दोन महिन्यांत पुण्याच्या हवेत तो पुन्हा उतरेल, इथंच राहू दे, कार्यक्रमाच्या सकाळी मी घेऊन येतो, काळी पाचला लावून. येतो म्हणाला आहे. गाणार कोण, असंही त्यानं विचारलं. मी सध्या रोज पहाटे अर्धा तास फोनवरच्या ॲपसमोर खर्ज लावते आहे आणि शेजारच्यांनी अजून तक्रार केलेली नाही. पण तीस वर्षांच्या खंडानंतर माझ्यावर भिस्त ठेवू नये. आपल्या समूहगीतातले जे कोणी येणार आहेत त्यांनी सकाळी साडेनऊला हॉलवर यावं. ताल धरायला क्लॅरिनेटवाला आहेच.